पाणमोट फुटली की लघवी गळली?

नववा महिना लागला की एखाद्या सकाळी उठताना परकर ओला लागतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबतंय, एवढं काय. दुसरा गाडीची किल्ली शोधतो.

पाण्याचा लोंढाच आला तर प्रश्न उरत नाही. घोळ होतो तो थेंबथेंब गळण्यात. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, कधीकधी वरच्या अंगाला चिरते आणि खाली बाळाचं डोकं बुचासारखं बसलेलं असतं. मग पाणी वाट मिळेल तसं झिरपतं. आडवं पडल्यावर ते योनीत साठतं आणि उभं राहिलं की चमचा-दोन चमचे एकदम येतं.

लघवी गळते ती खोकला, शिंक, हसू किंवा भरलेली कळशी उचलताना. क्षणभर येते आणि थांबते. आकसून धरली तर बरेचदा धरताही येते. गर्भजल, म्हणजे पाणमोटेतलं पाणी, धरून ठेवता येत नाही. शिवाय त्याचा साठा संपत नाही, कारण शेवटच्या महिन्यांत गर्भजल म्हणजे बहुतांश बाळाचीच लघवी, आणि बाळ ती करतच राहतं. (फार पातळ असते, म्हणून तिला आपल्या लघवीसारखा उग्र वास नसतो, असलाच तर किंचित गोडसर.)

रंगावर फार विसंबू नका. भरपूर पाणी प्यायलं की लघवीही बिनरंगी होते. गर्भजलात मात्र कधी गुलाबी झाक दिसते, कधी बाळाच्या अंगावरच्या लोण्यासारख्या थराचे पांढरे कण. चिकट, ताणलं की तार धरणारं असेल तर ते दोन्ही नव्हे. तो गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव.

घरी पारख करायची तर आधी लघवी पूर्ण करून या आणि अंग कोरडं करा. जुन्या पांढऱ्या सुती धोतराची चौपदरी घडी लावा. जेलचा सॅनिटरी पॅड नको, तो ओल आत ओढून घेतो आणि वर कोरडा दिसतो. सुगंधी असेल तर वासही कळत नाही. अर्धा तास डाव्या कुशीवर पडा, मग उभ्या राहा आणि कापड दिवसाच्या उजेडात बघा. पुन्हा ओलं? दवाखान्यात निघा, कळा नसल्या तरी. कोरडं राहिलं आणि फक्त खोकताना ओलं झालं, तर बहुधा लघवी. जळजळ असेल तर लघवी तपासून घ्या. मनात शंका उरलीच तर दाखवून या.

सदतीस आठवडे भरले नसतील, पाणी हिरवट-तपकिरी असेल (बाळाने आत शी केल्याची खूण), ताप, दुर्गंधी किंवा रक्त असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर ही पारख करत बसू नका. लगेच जा.

पाणमोट फुटल्यावर आत बोट घालू नये, संबंधही नकोत. जंतू वर चढतात. म्हणूनच डॉक्टरही आधी बोटाने न तपासता उपकरणाने योनी उघडून पाणी साठलंय का ते पाहतात. पट्टीची चाचणीही करतात: योनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) एरवी ४.५ च्या आत, गर्भजलाचा ७ ते ७.५, त्यामुळे पट्टी निळी होते. रक्त, वीर्य किंवा संसर्ग असला तरी ती निळी होते, त्यामुळे एकट्या पट्टीवर निर्णय नसतो. दिवस भरल्यावर पाणमोट फुटली तर दहातल्या साधारण सहा जणींना चोवीस तासांत कळा सुरू होतात. पुढे जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो, म्हणून कळा आणण्याचं औषध देतात. दिवस भरण्याआधीच फुटली असेल तर अँटिबायोटिक आणि गरजेनुसार बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन.

पाण्याबरोबर नाळेचा वेढा बाहेर दिसला किंवा हाताला लागला तर ती आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकून कंबर वर करा आणि १०८ ला फोन करायला सांगा.

एरवी निघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा: किती वाजता आलं, रंग कसा, बाळ शेवटचं कधी हललं. आणि ते ओलं कापड धुवायला टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना दाखवता येईल.