‘डॉनी डार्को’ : योगायोगांना अर्थ लावणारा मेंदू

रिचर्ड केली या तरुण दिग्दर्शकाचा ‘डॉनी डार्को’ हा पहिलाच चित्रपट जानेवारी २००१ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोजक्या चित्रपटगृहांत लागला. विमानाचे इंजिन आभाळातून एका घरावर कोसळते, या प्रसंगाभोवती रचलेली गोष्ट ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या सहा-सात आठवड्यांनी पाहायला फारसे कोणी गेले नाही. पुढे डीव्हीडीमुळे आणि मध्यरात्रीच्या खेळांमुळे त्याला निष्ठावंत चाहते मिळाले आणि तेव्हापासून ते एकाच प्रश्नावर वाद घालत आले आहेत. चित्रपटाचा किशोरवयीन नायक डॉनी मानसिक आजारी आहे, की त्याला काळाचे गूढ खरोखरच उलगडले आहे? माझ्या मते हा वाद चित्रपटातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीला बगल देतो. माणसाचे मन भोवतालच्या जगाला अर्थ कसे लावते आणि ही यंत्रणा बिघडू लागली की आतून काय अनुभवास येत असेल, हे या चित्रपटाइतके नेमके फार थोड्या कलाकृतींनी दाखवले आहे.

गोष्ट २ ऑक्टोबर १९८८ या दिवशी, व्हर्जिनिया राज्यातल्या मिडलसेक्स या काल्पनिक उपनगरात सुरू होते. थोरले बुश आणि डुकाकिस यांच्यातली अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आहे. त्या रात्री सशाचा भेसूर मुखवटा घातलेला फ्रँक झोपलेल्या डॉनीला हाक मारून घराबाहेर बोलावतो आणि २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटे आणि १२ सेकंदांनी जग संपणार असल्याचे सांगतो. सकाळी डॉनी गोल्फच्या मैदानावर जागा होतो आणि घरी परततो, तेव्हा त्याच्या खोलीवर जेट इंजिन कोसळलेले असते.

डॉनीला झोपेत चालण्याची सवय आहे, पण फ्रँकचे दर्शन त्या सवयीच्या खाती टाकता येत नाही. झोपेत चालणे घडते ते बहुधा रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेतून. शरीर अर्धवट जागे होते, पण स्मृती आणि विवेक सांभाळणारे मेंदूचे भाग झोपलेलेच राहतात आणि म्हणून सकाळी सहसा काही आठवत नाही. डॉनीला मात्र फ्रँकचा शब्दन् शब्द आठवतो, आणि पुढे तर तो त्याला दिवसाढवळ्या, औषधांच्या कपाटाच्या आरशातही दिसतो.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. थर्मन संशयग्रस्त स्किझोफ्रेनियाकडे, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मनोविकाराच्या एका उपप्रकाराकडे, बोट दाखवतात. आजच्या निकषांवर हे निदान टिकणे अवघड आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ च्या आवृत्तीत हा उपप्रकारच काढून टाकला, आणि स्किझोफ्रेनिया म्हणण्यासाठी आजाराच्या खुणा किमान सहा महिने टिकाव्या लागतात. शिवाय या आजारात कानांना होणारे भास डोळ्यांना होणाऱ्या भासांपेक्षा बरेच अधिक आढळतात. डॉनीचे वय मात्र चपखल आहे. किशोरवयात मेंदू चेतापेशींमधल्या अनावश्यक जोडण्या छाटून टाकत असतो. ही छाटणी बिघडल्यामुळे हा आजार बहुधा विशीच्या आगेमागे डोके वर काढत असावा, अशी मांडणी अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये केली आणि पुढच्या जनुकीय संशोधनाने तिला बळ दिले.

निदानापेक्षा अनुभवाकडे वळले की चित्रपट खरा खुलतो. क्लाउस कॉनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात आजारी पडलेल्या सैनिकांचा अभ्यास करून १९५८ मध्ये या विकाराच्या आरंभाचे टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात ठोस काहीच घडलेले नसते. रंगमंचावर जाण्यापूर्वी नटाच्या पोटात जसा गोळा येतो, तसा एक ताण मनावर असतो आणि काहीतरी प्रचंड घडणार आहे, एवढेच जाणवत राहते. नंतर अचानक सगळ्याचा उलगडा होतो. रस्त्यावरचा माणूस, वर्तमानपत्रातला मथळा, खिडकीतला दिवा, सगळे एकाच सूत्रात ओवलेले आणि आपल्यालाच उद्देशून असल्यासारखे दिसू लागते. डॉनीच्या बाबतीत नेमके हेच होते. रोज पत्रपेटी उघडून पाहणारी वृद्ध रोबर्टा स्पॅरो, तिने एकेकाळी कालप्रवासावर लिहिलेले पुस्तक, त्या पुस्तकात भेटणारी आपल्याच भासांची वर्णने, फ्रँकचे आकडे. एकेक वस्तू जागची न हलता अर्थाने जड होत जाते.

मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये या अनुभवाला मेंदूतल्या रसायनांशी जोडले. कशाकडे लक्ष द्यायचे, काय आपल्यासाठी महत्त्वाचे आहे, ही खूण मेंदूत उमटवण्याचे काम डोपामिन करते. मनोविकारात ते अवेळी आणि अकारण स्रवू लागले, तर क्षुल्लक गोष्टींनाही महत्त्वाचा शिक्का बसतो. भ्रम म्हणजे त्या माणसाने अशा अनाकलनीय अनुभवांचे स्वतःसाठी शोधलेले स्पष्टीकरण होय, असे कपूर म्हणतात. ही मांडणी मला फार माणुसकीची वाटते, कारण तीत रुग्णाची बुद्धी हरवलेली नसते, उलट ती जिवाच्या आकांताने काम करत असते. डॉनीची तल्लख बुद्धी म्हणूनच त्याला वाचवू शकत नाही. ती अधिक सुसंगत, अधिक भव्य स्पष्टीकरण रचत जाते. दिग्दर्शकाने तोच शिक्का प्रेक्षकाच्याही मनावर उमटवला आहे. संथ केलेली दृश्ये आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा पाहून आपणही दुवे जुळवू लागतो, आणि इंटरनेटवरचे या चित्रपटाचे तपशीलवार तक्ते त्याचीच साक्ष देतात.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. बैठकीच्या खोलीत बसलेल्या डॉनीला वडिलांच्या छातीतून पाण्यासारखा पारदर्शक सोट बाहेर येताना दिसतो. तो सोट पुढे जातो आणि वडील त्याच्या मागून चालत जातात. मग डॉनीच्या स्वतःच्या छातीतूनही तसाच सोट निघतो आणि त्याला आईवडिलांच्या कपाटातल्या पिस्तुलापर्यंत घेऊन जातो. कृती आपली, पण हेतू बाहेरून आलेला! ‘माझे हात कोणीतरी दुसराच चालवतो’ असे काही रुग्ण सांगतात आणि त्याची मीमांसा ब्रिटिश संशोधक ख्रिस फ्रिथ यांनी केली आहे. आपण हालचाल करतो तेव्हा तिचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्यामुळे स्वतःच्या हालचालीतून होणारी संवेदना बोथट होते. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या यामुळेच. सारा-जेन ब्लेकमोर, फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आवाजांचे भास होणाऱ्या किंवा परक्या नियंत्रणाचा अनुभव येणाऱ्या रुग्णांच्या तळहाताला स्पर्श केला. त्यांना स्वतः केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श जवळपास सारखाच तीव्र जाणवला. अंदाज बांधणारी ही यंत्रणा ढासळली की स्वतःचा विचारही कोणाच्या तरी आज्ञेसारखा ऐकू येऊ शकतो. फ्रँक आज्ञा देतो आणि डॉनी ती पाळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डॉनी शाळेत पाणी सोडतो, घर पेटवतो, आणि त्यावरून असे रुग्ण धोकादायक असतात हा समज पक्का होण्याची भीती आहे. वास्तवात बहुसंख्य रुग्ण कोणालाही इजा करत नाहीत आणि ते स्वतःच हिंसेला बळी पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

राहिला कालप्रवास. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये अवकाशाच्या दोन भागांना जोडणाऱ्या पुलाचे गणित मांडले, पण असा पूल प्रकाशकिरण पलीकडे पोहोचण्याआधीच मिटतो, हे फुलर आणि व्हीलर यांनी १९६२ मध्ये दाखवले. तो उघडा ठेवायचा तर ऋण ऊर्जेचे पदार्थ लागतील, असे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लिहिले, म्हणजे डॉनीच्या गोष्टीच्याच वर्षी. हॉकिंग यांचे काळावरचे गाजलेले पुस्तकही त्याच वर्षीचे. डॉनीच्या शाळेतले विज्ञानशिक्षक कालप्रवासाची वाट म्हणून या पुलाबद्दल उत्साहाने बोलतात, पण चर्चा देव आणि नियतीकडे वळताच नोकरी जाईल म्हणून थांबतात.

२००४ मध्ये केली यांनी चित्रपटाची लांबवलेली आवृत्ती काढली. तीत रोबर्टाच्या पुस्तकाची पाने पडद्यावर येतात आणि सारे नियम समजावून सांगतात. डॉ. थर्मनही तीत डॉनीला सांगतात की त्याच्या गोळ्यांत औषध नव्हतेच. हा संवाद माझ्या मते मूळ आवृत्तीतही असायला हवा होता, कारण त्यामुळे निदानाबद्दलची शंका डॉक्टरांच्याच तोंडून येते. पुस्तकाच्या पानांनी मात्र घात केला आहे. नियम छापील स्वरूपात हाती आले की योगायोगांना अर्थ लावण्याचे काम प्रेक्षकाला उरत नाही, आणि डॉनीच्या मनात शिरण्याची वाट तिथेच बंद होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याने म्हणून २००१ ची आवृत्ती पाहावी.