वॉश डे

अमेरिकेतील कृष्णवर्णीय घरांत आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा केस धुऊन, गुंता काढून वेण्या घालण्याचा ठरलेला दिवस म्हणजे वॉश डे. अनेक घरांत तो शनिवारी येतो, कारण रविवारी चर्चला जायचे असते. मूल जमिनीवर उशी घेऊन बसते. मागे खुर्चीवर आई, आजी, मावशी किंवा थोरली बहीण. मुलाचे खांदे तिच्या दोन गुडघ्यांमध्ये. या बैठकीत दोन-तीन तास सहज जातात.

एवढा वेळ लागतो तो केसांच्या घडणीमुळे. केसाचे मूळच बाकदार असल्याने केस घट्ट वळणे घेत वाढतो आणि टाळूचे तेल त्या वळणांतून टोकापर्यंत उतरत नाही. केस कोरडे पडतात, तसेच विंचरले तर तुटतात. म्हणून रोज धुणे टाळतात. धुतल्यावर कंडिशनर लावून ओल्या केसांचे भाग पाडायचे, रुंद दातांच्या फणीने आधी टोके सोडवायची आणि मग हळूहळू मुळाकडे सरकायचे. बारीक दांड्याच्या फणीने भांग काढून त्यावर बोटाने ग्रीस (केसांना लावायचे दाट मलम) किंवा शिया बटर (शियाच्या बियांचे घट्ट तेल) फिरवतात आणि टाळूला चिकटून जाणाऱ्या वेण्या घालतात. त्यांना कॉर्नरो म्हणतात. लहान मुलींच्या वेण्यांत रंगीत मणी ओवतात. रात्री डोक्याला सॅटिनची टोपी, कारण सुती अभ्रा केसांतली ओल शोषून घेतो.

या कामाची स्वतःची बोली आहे. मानेवरच्या गुंतलेल्या बारीक केसांना ‘किचन’ म्हणतात, कपाळालगतच्या कोवळ्या केसांना ‘एजेस’, आणि फणी लागताच कळवळणाऱ्या पोराला ‘टेंडर-हेडेड’. सणासुदीला केस सरळ करायचे तर धातूची फणी शेगडीवर तापवत. ‘कान धर’ म्हटले की मुलगी कान दुमडून श्वास रोखून बसे. ग्रीस चरचरे आणि कानामागे धग लागे. त्या फणीचा बारीक डाग कित्येक बायकांच्या कानावर आजही असतो.

या आठवणी निव्वळ गोड म्हणून सांगणे खोटे ठरेल. आईचा हात कडक असतो, कारण बाहेरचे जग याच केसांना अस्ताव्यस्त म्हणते, हे तिने सोसलेले असते. लुइझियानात १७८६ मध्ये गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस कापडाने झाकण्याची सक्ती केली. बायकांनी त्या कापडाचेच झोकदार फेटे बांधले. गुलामगिरीत मळ्यांवर साधारणपणे रविवारीच मोकळीक मिळे, आणि केस एकमेकींच्या हातूनच होत. सरळ केसांना ‘गुड हेअर’ म्हणण्याची सवय मात्र पुढे घराघरांतही शिरली आणि सख्ख्या बहिणींमध्ये भेद करून गेली.

केस गळण्याने हैराण झालेल्या सारा ब्रीडलव्ह या धोबिणीने १९०६ च्या सुमारास मॅडम सी. जे. वॉकर या नावाने केसांच्या निगेच्या उत्पादनांचा आपला व्यवसाय उभारला आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना विक्रीचे काम मिळवून दिले. १९६० च्या दशकात आफ्रो, म्हणजे कुरळे केस सरळ न करता गोल फुलवून ठेवण्याची ढब, मिरवू लागला. केसांच्या ठेवणीवरून शाळेत व नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये प्रथम केला.

बैठकीत दोघींची तोंडे एकाच दिशेला असतात, नजरेला नजर भिडत नाही. त्यामुळे शाळेत कोणी काय बोलले, पाळी आली, कोणी आवडू लागले, हे इथे सहज निघते. कुळाच्या गोष्टीही इथेच कानावर पडतात. मुलगी आधी बाहुलीवर हात बसवते, मग धाकट्या बहिणीवर. आता वडीलही वेण्या शिकतात. पहिला भांग वाकडाच पडतो, पण पोरगी तो दिवसभर मिरवते. आणि आईचे हात डोक्यापर्यंत पोचेनासे झाले की लेक तिच्यामागे येऊन उभी राहते. म्हातारीला जमिनीवर बसवत नाही, म्हणून खुर्ची आता आईला.