‘नवऱ्याच्या अधीन राहा’ एवढंच बायबल म्हणतं का?

ख्रिस्ती लग्नांत आणि घरातल्या भांडणांत एक वचन हमखास ऐकू येतं: पत्नींनो, पतीच्या अधीन असा. त्यावरून समज रूढ झाला की बायबलने नवऱ्याला हुकूम सोडायचा परवाना दिलाय.

हे वचन बायबलमधल्या इफिसकरांस पत्र ५:२२ मधलं, म्हणजे अध्याय ५, वचन २२. त्याच्या आधीचं, २१वं, सहसा कुणी वाचत नाही. तिथे पौल, ज्याच्या नावाने हे पत्र आहे तो येशूचा प्रेषित, सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो. वचनांचे आकडे १५५१ मध्ये छापखानेवाल्या रोबेर एस्तिएनने घातले, पौलाने नव्हे. त्यामुळे २२ पासून वाचायला सुरुवात करण्याला काही आधार नाही. पत्नींना तीन वचनं आहेत. पतींशी बोलणं मात्र २५ पासून जवळजवळ अध्याय संपेपर्यंत चालतं, आणि मागणी भारी आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, प्राण दिला, तशी प्रीती करा. (हा भाग मात्र भांडणात कुणाला आठवत नाही!) करिंथकरांस पहिल्या पत्रात तर पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार सांगितलाय, ७:४ मध्ये.

इफिसकरांसच्या याच अध्यायात पतीला पत्नीचं ‘मस्तक’ म्हटलंय. त्याचा नेमका अर्थ काय, यावर मंडळ्यांत आजही मतभेद आहेत. पण धाकाने संसार चालवण्याला चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम यानेही याच अध्यायावरच्या प्रवचनात स्पष्ट नकार दिला होता.