हवेतून काढलेलं रॉकेल

विमानाच्या टाकीत जातं ते मुळात जास्त शुद्ध केलेलं रॉकेलच. त्याच्या एका किलोत साधारण 12 युनिट ऊर्जा मावते; चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव युनिटाच्या आसपास. इलेक्ट्रिक मोटर जेट इंजिनापेक्षा काटकसरी असते, हे धरलं तरी मुंबई-लंडन अंतर बॅटरीवर कापणं आज शक्य नाही. मग एक वाट उरते: रॉकेल जमिनीतून न उपसता कारखान्यात बनवायचं.

कृती जुनीच आहे. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी 1920च्या दशकात जर्मनीतल्या म्युलहाइम इथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन बनवून दाखवलं. तेव्हा कच्चा माल कोळसा होता. आता त्या जागी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन घ्यायचा.

एका किलोचा हिशेब मांडून बघू. ते जाळलं की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे बनवताना निदान तेवढा आधी गोळा करायला हवा. एक घनमीटर हवेत तो जेमतेम पाऊण ग्रॅम. यंत्राने त्यातला कण न् कण पकडला, तरी किलोभर इंधनासाठी चारेक हजार घनमीटर हवा गाळावी लागेल! शिवाय हायड्रोजन लागतो 400 ग्रॅमहून जास्त, आणि त्यातला दोन तृतीयांश इंधनात उतरतच नाही. कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन काढून घेताना त्याचं पुन्हा पाणी होतं. एकंदरीत 12 युनिटांच्या इंधनापायी पंचवीसेक युनिट वीज जाते.

इतकं खर्चिक इंधन ऊर्जाव्यवस्थेत बसतं कुठे, हे संगणकी मॉडेलांवरून तपासतात. युरोपसाठीचं ‘पायप्सा-युर’ हे त्यातलं एक, कुणालाही मोफत वापरता येणारं. वारा, ऊन, वीजवाहिन्या, कारखाने, घरं तापवायची उष्णता असं सगळं त्यात भरायचं, निव्वळ उत्सर्जन शून्य ही अट घालायची आणि वर्षभराची मागणी भागवणारी सर्वांत स्वस्त जुळणी शोधायला लावायचं.

तिथे या इंधनाचा एक गुण पुढे येतो. वीज साठवणं महाग, पण रॉकेल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी बिघडत नाही. म्हणून वारा जोरात असताना हायड्रोजन बनवायचा, वारा पडला की यंत्रं थांबवायची. मात्र फिशर-ट्रॉप्श भट्टीला असे चढउतार फारसे मानवत नाहीत. मॉडेल मग मध्ये मिठाच्या भूमिगत पोकळ्यांत हायड्रोजनचा साठा ठेवतं आणि भट्टीची वाया जाणारी उष्णता शहरातली घरं तापवणाऱ्या नळांत सोडतं.

माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. कार्बन डायऑक्साइड जमिनीत किती गाडायला परवानगी द्यायची, हा आकडा मॉडेलला माणूस पुरवतो. मर्यादा सैल ठेवली, की मॉडेल सरळ खनिज रॉकेल जाळतं आणि तेवढाच कार्बन दुसरीकडे पकडून गाडतं. ते स्वस्त पडतं. मर्यादा आवळली, की कृत्रिम इंधनाचे कारखाने उभे राहतात. त्यामुळे “कृत्रिम इंधनाला पर्याय नाही” असा निष्कर्ष कुठे वाचला, तर आधी हा आकडा शोधावा. जैविक कचऱ्यातून मिळणारा कार्बन हवेतल्यापेक्षा स्वस्त असतो, पण तो मोजकाच, आणि त्यावर रसायन उद्योगाचाही डोळा असतो.

युरोपीय संघाने हे सगळं मॉडेलवर सोडलेलं नाही. विमानतळांवर पुरवल्या जाणाऱ्या इंधनात 2025 पासून 2 टक्के आणि 2050 मध्ये 70 टक्के शाश्वत इंधन हवं, असा त्यांचा कायदा आहे. त्या 70 पैकी निदान निम्मं, म्हणजे एकूण इंधनाच्या 35 टक्के, कृत्रिम असलं पाहिजे.

विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषाही हवामान तापवतात. कृत्रिम रॉकेलात ॲरोमॅटिक संयुगं (कार्बन अणूंची कडी असलेले रेणू) जवळपास नसल्याने काजळी कमी होते आणि या रेषाही विरळ होतात. पण हीच संयुगं जुन्या इंजिनांतली रबरी सीलं फुगवून गळती रोखतात, म्हणून असं इंधन सध्या साधारणपणे निम्म्यापर्यंतच मिसळू देतात. बहुतेक ऊर्जामॉडेलं फक्त कार्बन मोजतात, त्यामुळे विरळ झालेल्या रेषांचा फायदा त्यांच्या जमाखर्चात कुठे दिसत नाही.