बुद्धिबळपटूची स्मरणशक्ती

बुद्धिबळपटूची स्मरणशक्ती : पटावरची मांडणी एका नजरेत टिपण्याची आणि खेळलेले डाव दीर्घकाळ ध्यानात ठेवण्याची तरबेज खेळाडूंची क्षमता. ही उपजत देणगी आहे, असे सर्रास मानले जाते. विसाव्या शतकातील प्रयोगांतून वेगळेच चित्र पुढे आले. ही क्षमता वर्षानुवर्षांच्या खेळातून घडते आणि बहुतांशी बुद्धिबळाच्या पटापुरतीच असते.

सांगलीकरांना हा विषय नवा नाही. नाट्यपंढरी म्हणून नावाजलेल्या या शहरात भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा पटकावणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या सांगलीच्याच. इथल्या स्पर्धेत डाव संपला, हस्तांदोलन झाले, की दोघे खेळाडू स्कोअरशीटकडे न पाहता सगळा डाव पुन्हा लावू लागतात. मध्येच एका स्थितीवर थांबतात, ‘इथे उंट मारायला नको होता’ म्हणत चार खेळी वेगळ्या करून बघतात आणि मोहरे पुन्हा जिथल्या तिथे आणून ठेवतात. चाळीस चालींचा डाव म्हणजे दोन्ही बाजू धरून ऐंशी खेळी. सोबत आलेले पालक थक्क होतात, खेळाडूंना त्यात विशेष काही वाटत नाही.

या कोड्याचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९४ च्या ग्रंथात मांडला. पट न पाहता खेळणारे खेळाडू मनात पटाचे हुबेहूब छायाचित्र बघत असतील, अशी त्यांची अटकळ होती. अनेक उत्तम खेळाडूंनी सांगितले ते वेगळेच : मोहऱ्यांचा रंग वा आकार डोळ्यांपुढे स्पष्ट नसतो, कोण कुठे मारा करतो आणि कुणाला कुणाचा आधार आहे, हे जाणवत असते.

त्यानंतर डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रूट यांनी १९४६ च्या प्रबंधात जगज्जेते अलेखिन आणि यूवे यांच्यासारख्या खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून त्यांची विचारप्रक्रिया नोंदवली. दे ग्रूट स्वतः बुद्धिबळ ऑलिंपियाड खेळलेले होते. श्रेष्ठ खेळाडू साध्या खेळाडूपेक्षा फार पुढच्या चाली मोजत असेल, ही अपेक्षा फोल ठरली. खरा फरक पहिल्या काही सेकंदांतच पडत होता. अनोळखी डावातील स्थिती क्षणभर दाखवून झाकली, तर मास्टर ती जवळजवळ जशीच्या तशी मांडत. कच्चे खेळाडू निम्म्यावर अडत.

या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा, १९७३ सालचा. सुमारे पंचवीस मोहऱ्यांची, खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली, तेव्हा मास्टरने साधारण १६ मोहरे बरोबर लावले, मध्यम खेळाडूने ८ आणि नवशिक्याने ४. मग तेवढेच मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले आणि मास्टरचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. स्मरणशक्ती मुळातच अफाट असती, तर मोहरे कसेही ठेवले म्हणून फरक पडला नसता. या एका प्रयोगाने उपजत देणगीच्या समजाचा पायाच काढून घेतला, असे म्हणणे रास्त आहे.

मास्टर सुटे मोहरे लक्षात ठेवत नाही, गट ओळखतो. जी१ वर राजा, एफ१ वर हत्ती, एफ३ वर घोडा आणि एफ२, जी२, एच२ वर प्यादी हे उदाहरण घ्या (ए ते एच हे पटाचे उभे स्तंभ, १ ते ८ या आडव्या रांगा). नवशिक्याला ते सहा मोहरे आणि सहा घरे वाटतात. जाणकाराला तो कॅसलिंग झालेला, म्हणजे हत्तीसह एकाच चालीत कोपऱ्याकडे सुरक्षित नेलेला पांढरा राजा, एवढी एकच गोष्ट दिसते. कृष्णाकाठ हा शब्द वाचताना आपण अक्षरे मोजत नाही, तसेच हे. एच२ वरचे प्यादे एच३ वर गेले असेल, तर जाणकार ‘नेहमीचेच, फक्त एच३ झालेले’ एवढीच भर घालतो. चेस-सायमन प्रयोगात मास्टर मोहरे झपाझप झुबक्याने मांडत, मग थोडे थबकत, मग पुढचा झुबका. एका झुबक्यातले मोहरे बहुधा एकमेकांना जोर देणारे किंवा शेजारचे असत. असे किती गट मास्टरजवळ साठलेले असतात? सायमन आणि गिलमार्टिन यांचा अंदाज १० हजार ते १ लाख असा होता. पुढे १९९६ मध्ये फर्नांड गोबे आणि सायमन यांनी दुरुस्ती सुचवली : वारंवार येणाऱ्या मांडण्यांचे मोठे साचे तयार होतात आणि त्यांतल्या मोकळ्या जागा ऐनवेळी भरल्या जातात. विखुरलेल्या मांडणीतही मास्टर किंचित सरस ठरतो, हेही त्यांनी दाखवले. तिथेही एखादा ओळखीचा गट योगायोगाने जुळून येतोच.

मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची यांच्या १९७८ च्या प्रयोगात बुद्धिबळ खेळणाऱ्या, दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांनी पटाच्या बाबतीत प्रौढांना मागे टाकले. आकडे पाठ करायला दिल्यावर मात्र प्रौढच पुढे राहिले.

म्हणूनच ‘स्मरणशक्ती वाढते’ या आशेने उन्हाळी वर्गात मूल घालणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत बुद्धिबळ शिकवून केलेल्या चाचणीचा अहवाल २०१६ मध्ये आला. वर्षभरानंतर गणितातील प्रगतीत फरक आढळला नाही. मूल बुद्धिबळ शिकते ते बुद्धिबळासाठी, आणि खेळाची गोडी हे कारण पुरेसे आहे.

डोळ्यांवर पट्टी बांधून अनेक पटांवर खेळणे हा या क्षमतेचा सर्वांत दिपवणारा आविष्कार. मिगेल नायडॉर्फ यांनी १९४७ मध्ये साओ पाउलोत ४५ जणांशी, तर तिमूर गारेयेव यांनी २०१६ मध्ये लास वेगासला ४८ जणांशी असा सामना केला.

पाठांतर आणि ओळख यांतला फरक फिशरच्या प्रकारात उघड होतो. संगणकाच्या मदतीने पाठ केलेल्या सुरुवातीच्या चालींना कंटाळून माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९९६ मध्ये मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडण्याचा, ९६० संभाव्य मांडण्यांचा खेळ जाहीर केला. तिथे पाठ केलेल्या चाली कामी येत नाहीत, पण खेळ पुढे सरकला की प्याद्यांच्या ओळखीच्या साखळ्या आणि राजाभोवतीच्या ओळखीच्या रचना दिसू लागतात. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या मान्यतेने झालेली या प्रकारची जगज्जेतेपदे २०१९ मध्ये वेस्ली सो आणि २०२२ मध्ये हिकारू नाकामुरा यांनी जिंकली; दोघेही नेहमीच्या बुद्धिबळातील अव्वल खेळाडू आहेत.