वाफसा येईपर्यंत: तरुण बास्केटबॉल संघ कसा पिकतो

२३ जून २०२५, सोमवार, पहाटेचे साडेपाच. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी सात-आठ पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी जवळच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या सामन्यांची नोंद ठेवतो. त्या पहाटे टीव्हीवर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा सातवा सामना होता: ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. थंडर १०३-९१ असे जिंकले आणि घरात एवढा कल्ला झाला की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

मला मात्र दुसरीच तारीख आठवत होती. २ डिसेंबर २०२१. त्या दिवशी हाच संघ मेम्फिसकडून ७९-१५२ असा हरला होता. ७३ गुणांचा हा फरक म्हणजे एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. "सर, एवढा पडलेला संघ वर आला कसा?" असं एकीनं विचारलं. चहाच्या कपाबरोबर देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते उत्तर अर्धं ठाऊक असतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पावसाच्या तोंडावर पेरत नाहीत. पावसाळाभर रान मोकळं ठेवतात, कुळवाच्या पाळ्या देतात, पाणी मुरू देतात. रस्त्यानं जाणाऱ्याला ते नुसतं पडलेलं रान वाटतं. पाऊस ओसरला की वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी झालेली, पाहून पेरणी होते आणि पुढचं पीक मुरलेल्या ओलीवर निघतं.

थंडरचं रान २०१९ मध्ये मोकळं झालं. जुलैमध्ये व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी पॉल जॉर्ज हा ऐन बहरातला खेळाडू लॉस एंजेलिस क्लिपर्सला देऊन टाकला. बदल्यात त्याच महिन्यात २१ वर्षांचा झालेला शे गिल्जस-अलेक्झांडर, अनुभवी डॅनिलो गॅलिनारी आणि पुढच्या वर्षांतल्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या पाच निवडी मिळाल्या. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू संघांनी आळीपाळीनं उचलायचे. खराब खेळलेल्या संघाला आधीचा नंबर मिळायची शक्यता जास्त असते, पण खात्री नसते, कारण वरचे नंबर सोडतीनं ठरतात. पूर्वी तळाच्या संघाला पहिल्या नंबराची शक्यता २५ टक्के असे. २०१९ मध्ये ती बदलून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्केच ठेवली. मुद्दाम हरण्याचा फायदा कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू.

पाच निवडी कशाला? समजा, पहिल्या फेरीतल्या दहा पोरांपैकी एकच मोठा खेळाडू होतो. हा आकडा मी हिशेबापुरता धरतो आहे. एकच निवड असेल तर यशाची शक्यता १० टक्के. पाच असतील तर किमान एक मोठा खेळाडू सापडण्याची शक्यता ४१ टक्के, दहा असतील तर ६५ टक्के. एकोणीस वर्षांच्या पोराकडे पाहून तो पंचविशीत काय होईल हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. नजर थोडीफार सुधारता येते, बियाणं मात्र दुप्पट करता येतं. क्लिपर्सकडून आलेल्या निवडींपैकी एक २०२२ मध्ये बाराव्या नंबरावर पडली. त्यातून जेलन विल्यम्स आला, आणि तीन वर्षांनी तो अंतिम मालिकेत संघाचा दुसरा आधारस्तंभ होता.

पण नुसतं रान मोकळं ठेवून पीक येत नाही. फिलाडेल्फियानं २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी १० सामने जिंकले, उरलेले सगळे हरले. त्या काळात त्यांनी वरचे नंबर पुष्कळ जमवले. पुढे संघ चांगला झालाही, तरी २०१८, २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ असा पाच वेळा प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीतच अडकला. दुखापती, चुकलेल्या निवडी, एकमेकांना न जुळणारे खेळाडू, सगळंच आडवं आलं.

वाफसा आला हे शेतकरी मातीचं ढेकूळ मुठीत दाबून ओळखतो. संघाच्या बाबतीत ते कशावरून ओळखायचं? माझ्या मते विज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे, आणि आपले बहुतेक प्रेक्षक, कधीकधी प्रशिक्षकही, नेमकं हेच पाहत नाहीत. ते जिंकलं-हरलं बघतात. मी गुणांचा फरक बघतो.

थंडरनं २०२२-२३ मध्ये ४० सामने जिंकले, ४२ हरले. वर्तमानपत्रात हा सुमार संघ दिसतो. पण त्या हंगामात त्यांनी सामन्यामागे सरासरी ११७.५ गुण केले आणि ११६.४ दिले. म्हणजे हरलेले सामने जास्त, तरी एकूण गुण स्वतःचे जास्त. बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी मांडलेलं एक सूत्र डॅरिल मोरी यांनी बास्केटबॉलला बसवलं. केलेल्या आणि दिलेल्या गुणांचं गुणोत्तर घेऊन त्याचा १३.९१ वा घात काढायचा. त्यातून या संघाचे अपेक्षित विजय सुमारे ४४ येतात.

गुणांचा फरक जास्त खरं का बोलतो? हंगामात सामने ८२, म्हणजे जिंकलं-हरलंच्या नोंदी फक्त ८२. त्यातले कित्येक सामने शेवटच्या एका फेकीवर, चेंडू रिंगला लागून आत पडला की बाहेर, एवढ्यावर ठरतात. उलट प्रत्येक सामन्यात संघाच्या हातात चेंडू सुमारे शंभर वेळा येतो. म्हणजे गुणफरकामागे आठ हजारांहून जास्त प्रसंग असतात. नाणं ८२ वेळा उडवून जेवढं कळतं, त्यापेक्षा ८,२०० वेळा उडवून खूप जास्त कळतं. पुढच्याच हंगामात थंडरनं ५७ सामने जिंकून पश्चिम विभागात पहिला क्रमांक घेतला. त्यानंतर २०२४-२५ मध्ये ६८ विजय आणि सरासरी १२.९ गुणांचा फरक. तो विक्रम ठरला.

हा फरक आला कुठून? आमच्या पोरांना वाटतं, लांबून तीन गुणांच्या फेकी मारल्या म्हणून. त्यात तथ्य आहे. दोन गुणांच्या फेकी ५० टक्के पडल्या तर फेकीमागे सरासरी एक गुण मिळतो, तीन गुणांच्या ३६ टक्केच पडल्या तरी १.०८. पण हे गणित आता सगळ्याच संघांना पाठ आहे. थंडरचं वेगळेपण चेंडू न गमावण्यात आणि समोरच्याचा चेंडू काढून घेण्यात होतं. चेंडू एकदा हातात येणं म्हणजे साधारण १.१ गुण. सामन्यात अशा पाच जादा संधी मिळाल्या तर साडेपाच गुण झाले, तेही एकाही खेळाडूची नेमबाजी न सुधारता. मैदानावर याला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून मी वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवला आहे.

मग शरीर. उंच उडी आणि चपळाई विशीतच भरात येते. समोरचा काय करणार हे आधी ओळखणं मात्र खेळून खेळूनच येतं. म्हणून बास्केटबॉलपटूचा सर्वोत्तम काळ साधारण पंचविशी ते एकोणतिशीचा असतो. तोवर शरीर टिकवायला हवं. २०२२ मध्ये दुसऱ्या नंबरावर निवडलेल्या चेट होल्मग्रेनच्या पायाला हंगामाआधीच दुखापत झाली. संघानं त्याला पूर्ण हंगाम बसवून ठेवलं आणि पुढच्या हंगामात तो सगळे ८२ सामने खेळला.

आमच्या सिमेंटच्या मैदानावर हीच गोष्ट मला रोज दिसते. बारा-चौदा वर्षांची मुलं गुडघ्याखाली दुखतंय म्हणतात. स्नायू लवकर बळकट होतो, कंडरा सावकाश, आणि ती जिथे हाडाला जोडलेली असते तिथलं हाड त्या वयात पुरतं टणक झालेलं नसतं. अशा मुलाला "सहन कर" म्हणणं चूक आहे. त्याला उड्यांपासून विश्रांती द्यायला हवी. झोपही तितकीच मोलाची. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तेव्हा त्यांची फ्री थ्रोची, म्हणजे कुणी न अडवता मारायच्या फेकीची, अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. खेळाडू थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी मी मुलांच्या आईवडिलांना हे आवर्जून सांगतो.

प्लेऑफमधल्या प्रत्येक मालिकेत सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला संघ अशी मालिका ७१ टक्के वेळा जिंकतो, ७० टक्के असेल तर ८७ टक्के वेळा. मालिका लांब असली की नशिबाचा वाटा घटतो आणि उणिवा उघड्या पडतात. २०२४ मध्ये डॅलसनं थंडरला सहा सामन्यांत हरवलं. त्या उन्हाळ्यात प्रेस्टी यांनी तरुण जॉश गिडी देऊन तिशीचा बचावपटू ॲलेक्स करूसो आणला आणि उंचापुरा आयझाया हार्टनस्टाइन करारबद्ध केला. ही भर आधी घातली असती तर वाया गेली असती असं मला वाटतं. त्यांनी योग्य वेळ पाहिली.

यातली अवघड गोष्ट पुढे आहे. ड्राफ्टमधून आलेला खेळाडू पहिल्या चार वर्षांच्या ठरलेल्या करारात स्वस्त पडतो, म्हणून पगारमर्यादेत बाकीचा संघ उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये शे, चेट आणि जेलन या तिघांचेही मोठे नवे करार झाले. आता तेच त्रिकूट महाग होत जाईल. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत एनबीएचे विजेते सात वेगवेगळे संघ होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आमच्या मैदानावर संघ फुटतो तो दहावी-बारावीला. आमच्या मोठ्या मुली गेल्या हंगामात हरत होत्या, पण फरक वीसवरून सहावर आला होता, आणि नेमकं तेव्हाच तिघींचे क्लास सुरू झाले. म्हणून यंदा सातवीतल्या चार मुलींना आम्ही त्यांच्याबरोबर रोज दहा मिनिटं खेळवतो. परवा त्यातली एक सामना हरून आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, वही द्या की, माझ्या हातून किती बॉल गेले बघते." अकरा गेले होते. मागच्या वेळी सतरा.