वाइन चाखायला येताय? स्पॅनिश पदार्थांसोबतच्या संध्याकाळची माहिती

ही संध्याकाळ अडीच तासांची असते. पाच वाइन आणि प्रत्येक वाइनसोबत एकदोन छोटे पदार्थ. बसायचं, खायचं, चाखायचं, शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या. कुणी प्रश्न विचारून परीक्षा घेत नाही. तुम्हाला वाइनमध्ये बडीशेप जाणवली आणि शेजारच्याला नुसतं लिंबू, तर दोघंही बरोबर.

सोलापुरात वाइनचे दोन शत्रू आहेत, ऊन आणि तिखट. या पत्रकातल्या बहुतेक सूचना त्या दोघांमुळेच आहेत.

येण्याआधी

दुपारी नेहमीसारखं जेवा आणि पाचच्या सुमारास थोडं काही खाऊन घ्या. रिकाम्या पोटी मद्यार्क रक्तात झपाट्याने चढतो आणि तिसऱ्या ग्लासापर्यंत चवीचं भानच राहत नाही. मात्र त्या दुपारी शेंगदाण्याची चटणी, ठेचा, झणझणीत रस्सा टाळा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. तिखट खाऊन आलेल्या जिभेला चांगली वाइनसुद्धा नुसती जाळणारी लागते, आणि दोष वाइनला मिळतो.

पान, मावा, तंबाखू, सिगारेट निदान दोन तास आधी बंद. अत्तर, परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा हे सगळं एरवी छान, पण इथे नको. एका गजऱ्याने सहा जणांच्या टेबलावरचा वास झाकला जातो आणि वाइनची निम्मी चव वासातच असते. कपडे शक्यतो गडद रंगाचे घाला.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट पूर्ण 21 वर्षं आहे. वय दाखवणारं ओळखपत्र दारातच पाहिलं जातं. पिण्याचा परवानाही लागतो. तुमच्याकडे कायमचा नसेल तर एक दिवसाचा घेता येतो, नाव नोंदवतानाच तसं सांगा. ड्राय डेला कार्यक्रम नसतो.

गरोदर असाल, मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेत असाल, मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाइन घेऊ नका. खाण्यासाठी जरूर या. ताट तेच मिळेल आणि ग्लासात डाळिंबाचा ताजा रस. बदाम, कोळंबी, गहू, अंडं किंवा दूध यांपैकी कशाचीही ॲलर्जी असेल तर आधी कळवा.

किती आणि कशात

फसफसणारी कावा, पांढरी आणि लाल वाइन प्रत्येकी 60 मिली, फिनो नावाची शेरी 40 मिली आणि शेवटची गोड वाइन 30 मिली. एकूण 250 मिली, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा. थोडं वाटतं, पण यात साधारण 26 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो आणि शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटतं. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. कार्यक्रम संपताना तुम्ही तिच्या पलीकडे असू शकता, स्वतःला अगदी ठीक वाटत असलं तरी. म्हणून येतानाच रिक्षाने या किंवा न पिणाऱ्या माणसाला सोबत आणा.

टेबलावर प्रत्येकासाठी एक रिकामा मग असतो, तो थुंकण्यासाठी. संकोच करू नका. वाइन रोज चाखणारे लोक थुंकतातच. नको असलेली वाइनही त्यातच ओता.

चाखायचं कसं

ग्लास दांडीला धरा. पेल्याला हात लावला की तळहाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघा. मग ग्लास टेबलावरच ठेवून दोनतीन वेळा गोल फिरवा, उचलून फिरवला तर वाइन शेजाऱ्याच्या शर्टावर जाते. नाक आत घालून एकदाच छोटा श्वास घ्या. लांब हुंगत बसलं की नाक थकतं. मग चमचाभर घोट तोंडात चार-पाच सेकंद घोळवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या. आधी वाइन, मग पदार्थाचा घास, मग पुन्हा वाइन. दोन घोटांत काय बदललं, एवढंच शोधायचं आहे.

दोन वाइनच्या मध्ये तोंड साफ करायला पाव नसतो, बिनमिठाची ज्वारीची कडक भाकरी असते. तिला तेल नाही, गोडवा नाही, आणि ती लाळ आणते. या कामासाठी तिच्याइतकं चांगलं काही नाही.

पहिली: कावा, बदाम आणि टोमॅटोचा पाव

स्पॅनिश नावांतला एक नियम आधी लक्षात ठेवा. तिथे 'जे' अक्षराचा उच्चार 'ह'सारखा होतो, म्हणून रिओहा, वेर्देहो, हेरेस. तापास म्हणजे हे छोटे पदार्थ, आणि तापा शब्दाचा मूळ अर्थ झाकण.

कावा ही फसफसणारी वाइन, बहुतांश ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियातल्या पेनेदेस भागातली. माकाबेओ, शारेल्लो, पारेयादा ही तिची नेहमीची द्राक्षं. बुडबुडे वरून भरलेले नसतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि निदान नऊ महिने ती यीस्टच्या गाळावर ठेवतात. बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असतो, म्हणून कोमट कावा उघडली की अर्धी छताला जाते. आम्ही ती 6 ते 8 अंशांवर देतो. सोबत खारे बदाम, ऑलिव्ह आणि भाजलेला पाव. त्या पावावर लसणाची पाकळी घासून, अर्धा कापलेला टोमॅटो रगडून, ऑलिव्ह तेल आणि मीठ. टोमॅटो आंबट आणि कावाही आंबट, दोघं एकमेकांना दाबत नाहीत. मीठ आणि तेल बुडबुड्यांनी धुतलं जातं. घरी करून बघायचं तर खारे शेंगदाणेही या वाइनला चालतात.

दुसरी: वेर्देहो आणि लसणातली कोळंबी

वेर्देहो हे द्राक्षाचं नाव, आणि ही स्पेनमधल्या रुएदा भागाची पांढरी वाइन. तिथली जमीन समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या वर, दिवस तापतात आणि रात्री गारठतात. या द्राक्षाचा रस हवेने लवकर काळवंडतो, म्हणून बरीच तोड रात्री करतात. वास गवताचा आणि बडीशेपेचा, शेवटी किंचित कडवट. 8 ते 10 अंश.

सोबत कोळंबी: ऑलिव्ह तेल मंद तापवून त्यात लसणाचे काप आणि एक सुकी मिरची, मग दोन मिनिटं कोळंबी. लसूण तपकिरी झाला की कडू लागतो आणि वाइनचा कडवटपणा दुप्पट होतो. शाकाहारी ताटात याच पद्धतीची बटण मशरूम, वेगळ्या कढईत केलेली. मासळीसोबत लाल वाइन आम्ही देत नाही. लाल वाइनमधल्या लोहाचा मासळीच्या तेलाशी संयोग होऊन तोंडात शिळ्या मासळीचा वास उठतो.

तिसरी: फिनो आणि ब्रावास बटाटे

इथे बरेच जण थबकतात. फिनो ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची शेरी, म्हणजे वरून मद्यार्क घालून तीव्र केलेली वाइन. पालोमिनो द्राक्षाची, पूर्ण कोरडी (म्हणजे अजिबात गोड नसलेली), मद्यार्क 15 टक्के. पिंप मुद्दाम पाच-षष्ठांशच भरतात. मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते आणि तीच तिला हवेपासून वाचवते. या सायीमुळे भाजलेल्या बदामांचा आणि भिजवलेल्या कणकेचा वास येतो. पहिल्या घोटाला 'बिघडली आहे' असं वाटलं तर घाई करू नका, खाऱ्या पदार्थासोबत दुसरा घोट घ्या. फिनो एकटी प्यायची वाइनच नाही. तिचा वास तगडा आहे, म्हणून वेर्देहोच्या आधी दिली तर वेर्देहो पाण्यासारखी लागेल.

ब्रावास म्हणजे तळलेल्या बटाट्यांवर तांबडी चटणी. तिचा जीव पिमेंतोनमध्ये आहे, ला वेरा भागातल्या, ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीच्या पुडीत. आपल्या लाल तिखटाने ती चव येत नाही. घरी करताना रंगासाठी ब्याडगी वापरा आणि चटणीला निखाऱ्याचा धुंगार द्या, बरंच जवळ जाता.

चौथी: रिओहा क्रिआन्सा

रिओहा हा उत्तर स्पेनमधला भाग, आणि ही तिथली लाल वाइन. तेम्प्रानियो हे मुख्य द्राक्ष. तेम्प्रानो म्हणजे लवकर, कारण ते लवकर पिकतं. बाटलीवर क्रिआन्सा लिहिलेलं असेल तर लाल रिओहाने निदान दोन वर्षं मुरून त्यातलं एक ओकच्या पिंपात काढलेलं असतं. रेसेर्व्हाला तीन, ग्रान रेसेर्व्हाला पाच वर्षं. पिंप बहुधा 225 लिटरचं, आणि अमेरिकन ओकचं असलं की व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याचा वास येतो.

सोलापूरकरांना द्राक्ष नवं नाही, पण नान्नजच्या सोनाकाची या द्राक्षाशी तुलना होत नाही. खाण्याचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. लाल वाइन सालींसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो. डाळिंबाचा पांढरा पापुद्रा चावल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. ताटात स्निग्ध आणि प्रथिनयुक्त काही असलं की टॅनिन त्याला धरतं आणि वाइन मऊ लागते.

म्हणून इथे मान्चेगो चीज आहे, ला मान्चातल्या मेंढीच्या दुधाचं, आणि टोमॅटोच्या रश्शात मटणाचे छोटे गोळे. शाकाहारींना पालक-छोले, जिऱ्याच्या फोडणीचे, स्पेनमधल्या सेव्हिया शहराच्या पद्धतीने. डुकराचं मांस कुठल्याच ताटात नसतं. मान्चेगोबद्दल एक स्पष्ट सांगणं: ते परंपरेने प्राण्याच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) विरजतात. कडक शाकाहारी असाल तर सांगा, वनस्पतीज रेनेटचं चीज देऊ. काही वाइन अंड्याच्या पांढऱ्याने किंवा जिलेटिनने नितळतात, त्याचीही माहिती बाटलीनुसार मिळेल. चीजसोबत स्पेनमध्ये क्विन्स फळाची वडी खातात. आम्ही पेरूची वडी ठेवतो.

'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य इथे विसरा. ती खोली थंड देशातली असते. सोलापूरच्या 40 अंशांत लाल वाइन नुसता मद्यार्क ओकते. आम्ही 15 ते 17 अंशांवर देतो. घरी असाल तर उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून पांढरी 20 मिनिटं, लाल आठ-दहा मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बाटलीला बर्फ ठिपक्यांनीच टेकतो.

पाचवी: पेद्रो हिमेनेस

आपला बेदाणा शेडमध्ये, सावलीत सुकतो. पेद्रो हिमेनेस जातीची द्राक्षं मात्र चटयांवर थेट उन्हात पसरतात, मग त्यांचा रस काढून ही गोड वाइन करतात. लिटरमध्ये निदान 212 ग्रॅम साखर असते, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून बरीच जास्त. वाइन काळी, दाट, काकवीसारखी. 30 मिलीतली निम्मी प्या आणि निम्मी व्हॅनिला आइस्क्रीमवर ओता. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात असंच खातात. गोड शेवटीच, कारण गोडावर कोरडी वाइन आंबट लागते.

तोर्तिया, घरी करायची असेल तर

बटाट्याचं हे जाड ऑम्लेट रिओहाच्या आधी वाढतो आणि सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. सहा अंडी, 600 ग्रॅम बटाटे, एक मोठा कांदा, 300 मिली साधं ऑलिव्ह तेल, मीठ. एक्स्ट्रा व्हर्जिन यात घालवू नका, ते पावावर. बटाट्याचे तीन-चार मिलिमीटरचे काप आणि कांदा तेलात मंद आचेवर 20-25 मिनिटं शिजवा. तळायचे नाहीत, रंग येता कामा नये. निथळून (तेल पुन्हा वापरता येतं) फेटलेल्या अंड्यात घाला आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. ही पायरी गाळली की अंडं वेगळं आणि बटाटा वेगळा लागतो. 22 ते 24 सेंटिमीटरचा न चिकटणारा तवा चांगला तापवून मिश्रण ओता, आच मध्यम करा, चार मिनिटांनी वर ताटली ठेवून उलटा आणि परत सरकवा, आणखी तीन मिनिटं. चिकटते ती तवा थंड असल्याने, कोरडी होते ती जास्त वेळ ठेवल्याने. मध्यभाग किंचित ओलसर हवा.

वाइन बिघडली आहे का?

ओल्या गोणपाटाचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचातला दोष आहे. आम्हाला हाक मारा, बाटली बदलू. काचेसारखे बारीक खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी. मुरांब्यासारखा शिजलेला वास, तपकिरी रंग, बूच थोडं वर आलेलं, ही उन्हात राहिलेल्या बाटलीची लक्षणं. कपड्यावर सांडली तर कोरड्या फडक्याने टिपा, चोळू नका, आणि थंड पाण्याखाली धरा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

घरी नेताना

आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रॅटेली या वाइन कंपनीचे मळे आहेत. तिथली सांजोवेझे ही लाल वाइन मान्चेगोसोबत चाखून बघा, रिओहापेक्षा आंबटपणा जास्त जाणवेल. उघडलेली पांढरी बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, लालही फ्रिजमध्येच तीन दिवस, फिनो आठवडाभर, कावा खास क्लिप लावून एकच दिवस. बंद बाटल्या स्वयंपाकघराच्या फडताळावर नकोत, पलंगाखाली आडव्या ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये बाटली गाडीच्या डिकीत टाकून बाजारात जाऊ नका. बंद डिकीत तास-दीड तास पुरतो. आधी घरी जा.